दहा बाय सोळातले एंजल्स

दिसायला देवदूत, वागायला टपोरी! एंजल फिशची जोडी जमवणं म्हणजे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमापेक्षा अवघड प्रकरण. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून लालबागच्या चाळीत पोचलेली ही एक पाणीदार भटकंती...

रविवारी सकाळी सात वाजता मुंबईत जागं कोण असतं? मॅरेथॉनची प्रॅक्टिस करणारे, किट खांद्यावर टाकून मैदानाकडे निघालेली क्रिकेटवाली पोरं आणि कुर्ल्याला मासे घ्यायला निघालेले लोक. खायचे नाहीत हो, बघायचे!

कुर्ला पश्चिमेला उतरा आणि कुणालाही विचारा. फक्त प्रश्न नीट विचारा. नुसतं 'मछली मार्केट' म्हणालात तर बांगड्यासमोर नेऊन उभं करतील. 'एक्वेरियमवाला' हा शब्द मस्ट. एकदा का त्या गल्लीत शिरलात, की आपण कुठल्या शहरात आहोत हेच विसरायला होतं. खिळ्यांना टांगलेल्या फुगीर प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत एक छोटा तलाव. लाल, निळे, पिवळे, ठिपक्यांचे, पट्ट्यांचे मासे. पायाखाली चिखल, कानात एअर पंपांची घरघर, नाकात ओल्या शेवाळाचा वास. सिलिंडरला रबरी नळी लावून एक मुलगा पिशव्या भरतोय. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, वर रबरबँडचे चार वेढे. एकेका पिशवीला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत त्याला. आपल्या एचआरवाल्यांनी बघावं असं प्रॉडक्टिव्हिटीचं मॉडेल!

इथे येणाऱ्यांच्यात आपल्यासारखे बरेच दिसतात. वन बीएचकेत राहणारे, आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळे शिणलेले. कुत्रा पाळायला सोसायटी परवानगी देत नाही, मांजराची बायकोला अॅलर्जी, मग उरतो तो मासा. तो भुंकत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही आणि घरमालकाला पत्ताही लागत नाही. आणि यातल्या निम्म्यांची नजर जाऊन थबकते ती एंजलवर. थाळीसारखं चपटं अंग, वर-खाली शिडासारखे पंख, पोटाखाली लोंबणारे दोन लांब धागे. पाण्यात पोहत नाही, तरंगत मिरवतो. नावच एंजल, अजून काय पाहिजे?

मी एका पिशवीकडे बोट दाखवलं. दुकानदार लगेच सावध.

"जोडा है मॅडम. कन्फर्म ब्रीडिंग पेअर."

"यात नर कुठला?"

"बडावाला."

"कशावरून?"

"बडा है ना!"

या लॉजिकपुढे काय बोलणार? शेजारी उभा असलेला एक चष्मेवाला मुलगा मात्र हसला आणि हळूच म्हणाला, "जोडी बघायची असेल तर लालबागच्या काकांकडे जा. इथे जोडी मिळत नाही, पिशवी मिळते."

अमेझॉन व्हाया कोलकाता

काकांकडे जाण्याआधी या साहेबांची थोडी कुंडली मांडू.

एंजल फिश मूळचा दक्षिण अमेरिकेचा. अमेझॉन आणि तिच्या उपनद्यांमधल्या संथ, झाडोऱ्याच्या पाण्यात हा राहतो. शास्त्रीय नाव टेरोफायलम स्केलॅरे. १८२३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची पहिली नोंद केली. 'टेरोफायलम' हे नाव १८४० मध्ये हेकेल या ऑस्ट्रियन संशोधकानं दिलं. ग्रीकमधले पंख आणि पान हे दोन शब्द जोडून ते तयार झालंय. बुडलेली मुळं आणि पाणवनस्पतींचे दांडे यांच्या फटीतून सरकायला चपटं अंग बरं पडतं, आणि अंगावरचे उभे काळे पट्टे त्या दांड्यांत मिसळून जातात. आपण ज्याला फॅशन समजतो तो खरं तर लपायचा युनिफॉर्म आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. एंजल हा सिक्लिड कुळातला. या कुळात ऑस्कर आहे, डिस्कस आहे आणि आपल्याकडच्या खाडीतलाही एक नातेवाईक आहे. केरळात ज्याला करीमीन म्हणतात आणि गोव्यात काळुंदर म्हणून जो ताटात येतो, तोच. सिक्लिडांच्या दोन खोडी घराण्यात चालत आलेल्या: पोरांची काळजी जिवापाड घ्यायची, आणि जागेसाठी मारामारी करायची. एंजलमध्ये दोन्ही ठासून भरल्यात.

तुमच्या-माझ्या टँकमधला एंजल मात्र अमेझॉन बघितलेला नसतो. त्याच्या कित्येक पिढ्या काचेतच जन्मल्यात. भारतात शोभेच्या माशांचे दोन मोठे अड्डे आहेत. एक कोलकाता. तिथला गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार म्हणजे कुर्ल्याचा थोरला भाऊ. दुसरा चेन्नईतला कोळत्तूर परिसर, जिथे अनेक कुटुंबं घरच्या घरी माशांची पैदास करतात. तिथून माल मुंबईत येतो. पट्टेवाला झेब्रा, डागांचा मार्बल, केशरी-पांढरा कोई, कोळशासारखा ब्लॅक, लांब शेपटीचा व्हेलटेल... ही सगळी माणसानं निवडून निवडून काढलेली व्हरायटी. स्वभाव मात्र सगळ्यांचा जुनाच.

चिवडा गल्लीच्या मागे

लालबाग. करी रोड किंवा चिंचपोकळी, कुठेही उतरा. आता फ्लायओव्हरखालून चालताना एका बाजूला टॉवर आणि दुसऱ्या बाजूला चाळी, असं चित्र दिसतं. चिवडा गल्लीतला तळणीचा वास संपतो न संपतो तोच मसाल्याच्या मिरचीचा ठसका लागतो, आणि त्या ठसक्यातच काकांची चाळ येते.

काका अडुसष्ट वर्षांचे. तळमजल्यावर दहा बाय सोळाची खोली. त्यात काका, काकू, एक फ्रिज, एक कॉट, देव्हारा आणि सात टँक. तीन भिंतीला लागून लोखंडी रॅकवर, दोन ओट्याखाली, दोन दारामागे.

"सगळ्यांनी मिळून पाचशे लिटर पाणी आहे," काका सहज सांगतात. "म्हणजे अर्धा टन. तळमजला म्हणून चाललं. वर असतो तर खालच्याच्या डोक्यावर पडलो असतो."

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा काका बदली कामगार होते. संप संपला, काम परत मिळालं नाही. मग क्रॉफर्ड मार्केटात माशांच्या दुकानात पाणी बदलायचं काम धरलं. पाणी बदलता बदलता मासे कळायला लागले. दुकानात आलेले आणि फाटक्या पंखांमुळे कुणी घेईना असे पाच एंजल त्यांनी घरी आणले. तीच सुरुवात. त्यानंतर गिरण्यांच्या जागी मॉल आले, क्रॉफर्ड मार्केटची नोकरीही सुटली, एंजल मात्र राहिले. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं, २०१५ मध्ये नव्या रूपात उघडलं आणि कोव्हिडमध्ये बंद पडलं. "तेव्हापासून चाळीतली पोरं मासे बघायला आमच्या दारात," काकू सांगतात. "फुकट तिकीट, वर चुरमुऱ्याचा लाडू!"

पाणी पहाटे येतं. काका साडेचारला उठून पिंप भरतात आणि चोवीस तास तसंच ठेवतात, क्लोरिन उडून जावं म्हणून. मुंबईचं धरणाचं पाणी मऊ, ते एंजलला मानवतं. टँकरचं किंवा बोअरचं आलं की काका तोंड वाकडं करतात. "जड पाण्यात मोठे जगतात गं, पण अंडी नीट फळत नाहीत." तापमान सव्वीस ते अठ्ठावीस. मुंबईत त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, डिसेंबर-जानेवारीतल्या थोड्या रात्री सोडल्या तर.

स्वयंवर

मी कुर्ल्याचा 'बडावाला' किस्सा सांगितला. काका इतके हसले की चहा सांडला.

"अगं, एंजलमध्ये नर-मादी वरून कळतच नाही. अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली बारीकशी नळी दिसते. अणकुचीदार ती नराची, जाड आणि बोथट ती मादीची. तोवर जो सांगेल, तो फेकतोय असं समज."

मग जोडी जमवायची कशी? तर जमवायचीच नाही! तिला जमू द्यायचं. काकांची पद्धत साधी आहे. नाण्याएवढी सहा पिल्लं घ्यायची, शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणची, म्हणजे सगळी एकाच आईबापाची निघणार नाहीत. चार फुटी टँकमध्ये सोडायची आणि वाट बघायची. आठ-दहा महिन्यांनी, कधी वर्षभरानं, एक दिवस दिसतं की दोघं एका कोपऱ्यात जास्त वेळ घालवतायत. पाइप किंवा पान तोंडानं घासून साफ करतायत. तिसरा कुणी जवळ आला की त्याला पिटाळतायत. जोडी जमली!

आणि इथेच बाकीच्या चौघांचे वाईट दिवस सुरू होतात.

काकांनी दारामागचा टँक दाखवला. आत कोई जातीचे सहा एंजल. दोघं मधोमध ऐटीत, आणि उरलेले चार वरच्या डाव्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून. एकाच्या शेपटीची झालर फाटलेली. साडेआठच्या डब्यात दरवाज्याजवळच्या माणसांची जी अवस्था असते, अगदी ती. जोडीतला एकजण मधेच वळायचा, सगळे पंख ताठ करून धावून जायचा आणि चौघं आणखी आक्रसायचे.

"हे कधीपासून?"

"परवापासून. आज संध्याकाळी जोडी हलवणार. अजून दोन दिवस ठेवली तर तो फाटका जातो."

बरेच जण इथेच फसतात, काका म्हणतात. जोडी जमली म्हणून खूश होऊन फोटो काढत बसतात, आणि आठवड्यानं एक मासा तळाशी सापडतो. एंजल एका घावात मारत नाही. तो दुसऱ्याला खाऊ देत नाही, विसावू देत नाही. दमवून मारतो. म्हणून जोडीला लगेच वेगळा टँक द्यायचा, किंवा मग उरलेल्या चौघांसाठी दुसरी सोय हवी. ही सोय पिल्लं घेण्याआधीच करून ठेवायची.

आणखी एक गंमत. कधी कधी दोन माद्याच जोडी जमवतात. कोपरा धरतात, पान घासतात, दोघी अंडीही घालतात. तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी. "एका गिऱ्हाइकानं वर्षभर सांभाळली अशी जोडी," काका सांगतात. "मला म्हणे, काका, औषध द्या. म्हटलं, बाबा, औषध कसलं देऊ? तुझ्याकडे दोन आयाच आहेत!"

नवरा-बायको आणि काच

जोडी वेगळी काढली की सुखाचा संसार सुरू, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण काकांच्या मते खरी परीक्षा त्यानंतर असते. टँकमध्ये दोघंच. धावून जायला तिसरा कुणी नाही. मग नर वळतो तो मादीवर. तोंडात तोंड अडकवून ओढाओढी करणं ही त्यांची ताकद आजमावायची रीत. चुंबन वगैरे काही नाही, कुस्ती आहे ती! थोडी झाली तर ठीक. पण मादी अंड्यांना तयार नसेल आणि नर मागे लागला, तर तिला पळायला जागा हवी.

यावर काकांचा उपाय बघून मी चाट पडले. दोन जोड्यांचे टँक काचेला काच लावून ठेवलेले, आणि मधल्या फटीत मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा. नर बायकोच्या अंगावर जायला लागला की काका पुठ्ठा वर ओढतात. शेजारचा नर दिसतो. दोघे नर काचेपाशी येतात, पंख फुलवतात, काचेवर तोंडं आपटतात, कुणालाही इजा होत नाही. दहा-पंधरा मिनिटांत राग निवळतो. अंडी घातली की पुठ्ठा पुन्हा खाली.

हे मला कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. घरी जाऊन पुस्तक शोधलं. कोनराड लॉरेंझ! प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ चं नोबेल ज्या तिघांत विभागून मिळालं, त्यातला एक. १९६३ मध्ये आलेल्या आक्रमकतेवरच्या पुस्तकात त्यानं सिक्लिडांबद्दल नेमकं हेच लिहिलंय. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन जोड्यांच्या मधल्या काचेवर शेवाळ साचलं, की नर आपल्याच मादीशी उद्धटपणे वागायला लागतो. काच पुसली, शेजारी दिसला, की त्याच्याशी भांडण उकरून काढतो आणि घरात शांतता. राग आत साठत जातो आणि कुठेतरी बाहेर पडतोच, या लॉरेंझच्या सिद्धांतावर नंतर शास्त्रज्ञांनी बरीच टीका केली. पण काचेची गोष्ट टँकवाल्यांना आजही पटते. बॉसचा राग घरी येऊन कुणावर निघतो, हे आपल्याला काय वेगळं सांगायला हवं?

काकांना लॉरेंझ माहीत नाही. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "हुशार आहे माणूस. चाळीत राहिला होता का?"

या प्रश्नात गंमत कमी आणि मुद्दा जास्त आहे. काकांच्या प्रत्येक टँकमध्ये एक आडोसा असतोच. उभा पाइप, पाटीचा तुकडा, रुंद पानांची वनस्पती. मादी त्यामागे गेली की नराला ती दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे त्याच्या लेखी ती तिथे नसतेच. पाठलाग बंद. "या खोलीत आम्ही एकेकाळी नऊ माणसं होतो," काकू म्हणाल्या. "माझं लग्न झालं तेव्हा मधे दोरीवर चादर टाकली होती, तेवढाच आमचा आडोसा. जागा कमी असली तरी चालते गं. पण सतत एकमेकांच्या नजरेत नको."

भांडण फारच वाढलं तर काका आणखी एक करतात. टँकमधली मांडणी बदलतात. पाइप इकडचा तिकडे, झाड डावीकडून उजवीकडे. ज्या कोपऱ्यावर हक्क सांगितला होता तो कोपराच ओळखू येईनासा होतो, आणि सगळे पहिल्यापासून सुरुवात करतात. हेही नाही जमलं तर मधे काचेची फाळणी. आणि शेवटचा उपाय, घटस्फोट. "नाही पटत काहींचं. जन्माची जोडी बिडी काही नसतं. जीव जाण्यापेक्षा वेगळं झालेलं बरं."

झिरोच्या बल्बखाली

मी दुसऱ्यांदा गेले ती रात्रीची, कारण काकांचा फोन आला होता. "नळ्या दिसतायत. येतेस का?"

खोलीत ट्यूब बंद, फक्त झिरोचा बल्ब. ओट्याखालच्या टँकमधली काळी जोडी. मादी उभ्या पाइपला जवळजवळ चिकटून खालून वर सरकत होती आणि मागे अंड्यांची रांग उमटत होती. दाणे एवढेसे, मधाच्या रंगाचे. ती बाजूला झाली की नर त्याच वाटेनं जायचा. पुन्हा ती, पुन्हा तो. तासभर हेच. बाहेर कुणाच्यातरी टीव्हीवर मॅच चालू होती. आत आम्ही तिघं जमिनीवर बसून, आवाज न करता.

एका वेळी दोनशे-तीनशे अंडी सहज होतात, कधी त्याहून बरीच जास्त. त्यानंतर आईबाप दोघंही पहारा देतात. पंखांनी सतत वारा घालतात, म्हणजे पाणी खेळतं राहतं. जे अंडं पांढरं पडलं ते उचलून खातात, बुरशी बाकीच्यांना लागू नये म्हणून. साधारण दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लं लगेच पोहत नाहीत. डोक्याच्या चिकट धाग्यानं पाइपला लोंबत वळवळत राहतात. एखादं खाली पडलं तर आई किंवा बाप त्याला तोंडात धरून परत चिकटवतो. पहिल्यांदा बघताना वाटतं, खाल्लं! आणि तो अलगद थुंकतो. आठवडाभरानं सगळा थवा एकदम पोहायला लागतो.

पण हे झालं नशीबवान जोडीचं. नव्या जोड्या बहुतेक वेळा आपलीच अंडी खातात. दचकल्या तर खातात, अचानक दिवा लागला-गेला तर खातात. म्हणूनच तो झिरोचा बल्ब. घाईवाले लोक पाइप अंड्यांसकट उचलून वेगळ्या बरणीत ठेवतात, मिथिलीन ब्लूचे थेंब टाकतात, एअर पंप लावतात. पिल्लं जास्त जगतात, जोडी दहा-पंधरा दिवसांत पुन्हा अंडी घालते, धंदा वाढतो. काकाही कधी कधी करतात. पण प्रत्येक जोडीला निदान एकदा तरी स्वतःची पिल्लं वाढवू द्यायची, हा त्यांचा नियम.

पोहायला लागलेल्या पिल्लांचं खाणं हे काकूंचं खातं. बिसलेरीची बाटली उलटी टांगून त्यात मिठाचं पाणी, हवेची नळी आणि आर्टेमियाची अंडी. साधारण दिवसभरात केशरी ठिपक्यांसारखे जीव तयार. दिवसातून तीन-चार वेळा ड्रॉपरनं भरवायचं. "माझ्या दोन पोरींना एवढं केलं नाही," काकू म्हणतात. महिना-दीड महिन्यात पिल्लांना एंजलचा आकार येतो, आणि नाण्याएवढी झाली की दुकानदार घेऊन जातो. त्यातून लाइटचं बिल निघतं. काही महिने त्याहून थोडं जास्त.

चारातली एक

चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय. दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या. टॉवर होईपर्यंत बिल्डर भाडं देणार. काका-काकूंनी डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन बघितलंय. घरमालक भला माणूस आहे, पण त्यानं अट घातली: टँक एकच.

काकांकडे पिल्लं वाढवलेल्या किंवा वाढवू बघणाऱ्या चार जोड्या आहेत. काळी, मार्बल, नुकतीच जमलेली कोई आणि झेब्रा. कुठली न्यायची?

मार्बलची जोडी ठरली. अंधेरीचा एक आयटीवाला मुलगा घेऊन जाणार. काकांनी त्याच्याकडून टँकचा फोटो मागवला, शेजारी मोजपट्टी धरून! उंची दीड फुटाच्या खाली असती तर नकार होता. कोई जोडी चष्मेवाल्याकडे, तोच कुर्ल्यात भेटलेला. फाटक्या शेपटीचा आणि त्याचे तीन सोबतीही त्याच्याच चार फुटी टँकमध्ये. उरल्या दोन. काकूंना काळी हवी. "ती मला ओळखते. मी आले की पुढे येते." काकांना झेब्रा. ही जोडी सगळ्यात तरुण, आणि तीन वेळा अंडी खाल्लेली.

"जी चांगली आहे ती सोडून ही कशाला?" मी विचारलं.

"काळ्यांना कुणीही नेईल. अंडी खाणाऱ्यांना कोण नेणार? नेलं तरी दोन महिन्यांत टाकून देतील. पाचव्या-सहाव्या खेपेला शिकतात गं पुष्कळ. थांबायला कुणीतरी पाहिजे."

या एका विषयावरून दोघं आठवडाभर नीट बोलत नव्हते. शिवाय काकांना दुसरी धास्ती. जागा बदलली, पाणी बदललं की जोडी टिकेलच याची गॅरंटी नसते. प्रवासातून बाहेर काढल्यावर एकमेकांना अनोळखी असल्यासारखे तुटून पडलेले नवरा-बायको त्यांनी बघितलेत. म्हणजे एकच जोडी न्यायची आणि तीही तुटली, तर?

मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा खोली अर्धी रिकामी होती आणि काकू खुशीत. तोडगा त्यांनीच काढला होता.

"मालक एकच टँक म्हणालाय ना? किती फुटी ते कुठे म्हणालाय?"

काकांनी काचवाल्याकडे चार फुटी टँकची ऑर्डर दिलीय. लांबी चार, रुंदी एक, उंची दीड. बरोब्बर मधोमध काचेची फाळणी. एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला झेब्रा. टँक भिंतीला लागून, बीमवर येईल असा ठेवायचा. दीडशे लिटरपेक्षा जास्त पाणी नाही. फाळणीच्या खाचेत सरकवायला एक पुठ्ठाही आहे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला.

"आणि मालकानं फाळणी बघितली तर?"

"तर म्हणायचं, आडोसा आहे," काकू म्हणाल्या आणि पिंपावरचं झाकण उघडून उद्यासाठी पाणी किती उरलंय ते बघायला लागल्या.

एंजलची जोडी जमवायचीय? आधी हे वाचा

• 'कन्फर्म पेअर'च्या नादाला लागू नका. विकणारा अंडी घातलेली दाखवत असेल तरच जोडीची किंमत द्या. नाहीतर सहा छोटी पिल्लं घ्या आणि धीर धरा.

• सहा एंजल वाढवायला चार फुटी टँक हवा. एका जोडीला दोन फुटी चालेल, साधारण ७५ लिटर. उंची दीड फुटाच्या खाली नको.

• नवा टँक आणला त्याच दिवशी मासे सोडू नका. फिल्टर तीन-चार आठवडे चालवून पाणी 'पिकू' द्या. माशांची घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

• आठवड्याला पाव टँक पाणी बदला. नळाचं असेल तर अँटिक्लोरिन टाका, किंवा चोवीस तास उघडं ठेवलेलं वापरा.

• पिल्लांच्या टँकमध्ये स्पंज फिल्टर लावा. मोठा फिल्टर त्यांना ओढून घेतो.

• निऑन टेट्रा सोबत ठेवलेत तर मोठा झालेला एंजल ते खाईल. टायगर बार्ब ठेवलेत तर ते एंजलचे पंख कुरतडतील.

• पंख फाटलेला, सतत वरच्या कोपऱ्यात राहणारा, खायला पुढे न येणारा मासा दिसला तर त्याच दिवशी वेगळा काढा.

• जोडी जमल्यावर उरलेले मासे कोण घेणार, हे दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा. पवईच्या तलावात किंवा नदीत सोडणं हा पर्याय नाही. परक्या माशांमुळे तिथल्या माशांचं नुकसान होतं.

कसं जाल? रविवारी सकाळी लवकर, कुर्ला पश्चिम. फ्लोटर्स घाला, चांगले शूज नकोत. पिशवी घरी नेल्यावर आधी पंधरा-वीस मिनिटं तशीच बंद टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे दोन्हीकडचं तापमान सारखं होतं. मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला आणि शेवटी मासा जाळीनं उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.